पदवी नेमकी कुठे निसटते?

कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात शंभर विद्यार्थी बसले आहेत. सगळ्यांकडे नवं ओळखपत्र आहे, सगळ्यांच्या घरी कुणीतरी आशेने वाट बघतंय. आता सांगा, यांच्यापैकी कोण पदवी घेऊन बाहेर पडेल आणि कोण मध्येच सोडून जाईल?

‘त्यात काय अवघड? हुशार असतील ते टिकतील, बाकीचे गळतील,’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी मात्र गेली पन्नास वर्षं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे आणि त्यांच्या हाती जे लागलंय ते ऐकून थक्क व्हायला होतं. पदवी बहुतेकदा निसटते ती अशा जागी, जिथे आपण कधी बघतच नाही.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते पाहू. १९९० मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. आपल्याकडे प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतात, हे कॉलेजांनी जाहीर करावं, असं त्यात ठरलं. मोजताना ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळ धरायचा. म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षं. एवढी सवलत देऊनही काय दिसतं? चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या दर दहांपैकी जेमतेम सहा-साडेसहा जण त्या कॉलेजातून पदवीधर होतात. दोन वर्षांच्या पदवीची जी ‘कम्युनिटी कॉलेज’ असतात, तिथे तर तीन वर्षांत दहांपैकी तीनच्या आसपास. बाकीचे जातात कुठे? आणि का?

हुशारीचं काय?

पहिला संशयित अर्थातच हुशारी. अमेरिकेत ती मोजायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे एका सकाळी बसून द्यायची सामाईक परीक्षा. ‘एसीटी’ हे तिचं एक नाव. दुसरा रस्ता म्हणजे हायस्कूलच्या चार वर्षांतल्या सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी. यातलं काय जास्त खरं बोलेल? कुणीही म्हणेल, सामाईक परीक्षा! ती सगळ्यांना सारखी असते. ग्रेडचं काय, एक शिक्षक सढळ हाताने देतो, दुसरा हात आखडता घेतो. या शाळेतला ‘अ’ त्या शाळेत ‘ब’ ठरतो.

इलेन ॲलन्सवर्थ आणि कॅली क्लार्क यांनी शिकागोच्या सरकारी शाळांमधून बाहेर पडलेल्या ५५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची वाटचाल तपासली आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. पदवी पूर्ण होण्याशी शाळेतल्या ग्रेडचा संबंध एसीटीच्या गुणांपेक्षा जवळजवळ पाचपट घट्ट निघाला!

असं कसं? ग्रेडमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते आठवा. रोज वर्गात हजर राहणं. गृहपाठ वेळेवर देणं. निरनिराळ्या शिक्षकांच्या निरनिराळ्या अपेक्षा ओळखून त्या पुऱ्या करणं. एखादं सत्र वाईट गेलं तरी पुढच्या सत्रात पुन्हा उभं राहणं. कॉलेजची चार वर्षं नेमकं हेच मागतात. ज्या ढोबळपणामुळे ग्रेडवर आपला विश्वास नसतो, त्या ढोबळपणातच विद्यार्थ्याच्या चार वर्षांच्या सवयींची नोंद झालेली असते.

म्हणजे चिकाटी हे उत्तर झालं का? थोडंसं. कारण चिकाटी असलेलेही गळतातच.

आत्महत्येच्या सिद्धांतातून निघालेली वाट

१९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटो या समाजशास्त्रज्ञाने कॉलेज सोडण्याविषयी एक मांडणी केली. ती आजही या क्षेत्राचा पाया मानली जाते. ही कल्पना त्याने कुठून घेतली असेल? आत्महत्येवरच्या एका पुस्तकातून!

एमिल डरखाईम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिलं होतं, की आत्महत्या ही कितीही खासगी वाटणारी कृती असली तरी तिचं प्रमाण माणसाच्या समाजाशी असलेल्या नात्यांवर ठरतं. जिथे हे धागे विरळ, तिथे प्रमाण जास्त. विल्यम स्पेडी या अभ्यासकाने १९७० मध्ये हा विचार कॉलेजला लावून पाहिला आणि टिंटोने त्याची पूर्ण मांडणी उभी केली. कॉलेज हाही एक छोटा समाज आहे. विद्यार्थी तिथे दोन धाग्यांनी बांधला जातो, एक अभ्यासाचा आणि दुसरा माणसांचा. दोन्ही सैल राहिले, की एक दिवस तो येईनासा होतो.

या मांडणीने केवढी उलथापालथ केली बघा. तोवर विचारलं जायचं, ‘या मुलात काय कमी आहे?’ आता प्रश्न झाला, ‘या मुलाचं आणि या कॉलेजचं का जमलं नाही?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कॉलेजलाही उभं राहावं लागतं.

बर्कलीचे चाळीस विद्यार्थी

हाच प्रश्न सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन नावाच्या तरुण संशोधकाला छळत होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम गुण मिळवत होते. कॅल्क्युलस गेलं, की इंजिनीअरिंग, डॉक्टरी, विज्ञान, सगळेच दरवाजे बंद.

ट्रीझमनने आधी प्राध्यापकांनाच कारणं विचारली. उत्तरं साधारण चार प्रकारची आली. या मुलांना जिद्द कमी. शाळेतला पाया कच्चा. घरात शिक्षणाची कदर नाही. आणि गरिबी. आपणही हेच म्हणालो असतो, नाही का?

ट्रीझमन या चार उत्तरांवर थांबला नाही. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून बघितलं. चारही कारणं एकामागून एक कोसळली. जिद्द? ही मुलं आपापल्या शाळांमधली पहिल्या नंबरची होती आणि बर्कलीपर्यंत पोहोचण्यासाठी झगडून आली होती. पाया? प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळवलेलेही नापास होत होते. घर? आईवडिलांनी या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं होतं. पैसा? खात्यापित्या घरातल्यांचीही तीच गत होती.

मग फरक होता कशात?

कृष्णवर्णीय मुलं अतिशय शिस्तीची होती. शाळेत त्यांना सांगितलं गेलं होतं, की वर्गातल्या दर तासामागे दोन तास अभ्यास करा. कॅल्क्युलसचे आठवड्याला चार तास, म्हणून ही मुलं इमानेइतबारे आठ तास अभ्यास करायची. आणि तो एकट्याने करायची. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कुणाहीबरोबर कधीच अभ्यासाला बसले नव्हते. एकट्याने मन लावून शिकण्याच्या या सवयीनेच त्यांना शाळेत यश दिलं होतं.

चिनी वंशाची मुलं आठवड्याला चौदा तासांच्या आसपास अभ्यास करत होती. त्यातले आठ-दहा तास एकट्याने. मग संध्याकाळी ती जमायची, एकत्र जेवण करायची आणि गृहपाठ पुढ्यात घ्यायची. प्रत्येक जण आपलं उत्तर सांगायचा. सगळ्यांचं एक आणि आपलं एकट्याचं वेगळं आलं, तर लगेच कळायचं की चूक आपली आहे. सगळ्यांचीच उत्तरं वेगवेगळी आली किंवा कुणालाच गणित सुटलं नाही, तर कळायचं की गणितच मुद्दाम अवघड घातलेलं आहे. एखाद्याचा मोठा भाऊ येऊन त्यांची परीक्षा घ्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीत सर्वांसाठी ठेवलेल्या असत. त्या काढून सोडवल्या जायच्या.

आता त्या एकट्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रात्री खोलीत बसून गणित सुटत नाही. त्याला काय वाटणार? ‘मलाच येत नाही.’ तेच गणित वर्गातल्या निम्म्यांना सुटलेलं नसतं, पण हे त्याला कळायला काही मार्गच नसतो. एकाच अडचणीचा एकट्याला वाटणारा अर्थ आणि पाच जणांत बसून लागणारा अर्थ यांत जमीनअस्मानाचा फरक!

ट्रीझमनने मग संध्याकाळच्या कार्यशाळा सुरू केल्या. कच्च्या मुलांची उजळणी असं त्यांचं रूप त्याने मुद्दामच ठेवलं नाही. उलट वर्गात असतात त्याहून कठीण गणितं द्यायची आणि ती गटात बसून सोडवायची. परिणाम बघून विद्यापीठ चकित झालं. कार्यशाळेत बसणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये गोऱ्या आणि आशियाई सहाध्यायांच्याही पुढे जाऊ लागले. पुढे हा नमुना अमेरिकेतल्या कितीतरी विद्यापीठांनी उचलला.

एका तासाची करामत

‘मलाच येत नाही’ हा विचार एवढा घातक असेल, तर तो थेट बदलता येईल का? ग्रेग वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी एका नामवंत विद्यापीठात हे करून पाहिलं. पहिल्या वर्षाच्या ९२ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटायचं, आपण चुकून इथे आलोय असं वाटायचं, हळूहळू ते गेलं. मग या मुलांनी स्वतःच्या अनुभवावर निबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी तो कॅमेऱ्यासमोर वाचला. झालं. सगळं मिळून तासाभराचं काम.

पुढची तीन वर्षं या मुलांचे गुण तपासले गेले. या एका तासानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. आणखी नवल म्हणजे, त्या तासात काय वाचलं होतं हे बहुतेकांना नंतर धड आठवतही नव्हतं! वाईट गुण पडले, कुणी जेवायला बोलावलं नाही, असे प्रसंग सगळ्यांवर येतात. फक्त आता त्यांचा अर्थ ‘मी इथला नाही’ असा लावला जात नव्हता. म्हणून ही मुलं प्राध्यापकांना भेटायला जायची, मित्र जोडायची आणि त्यातून पुढचं घडत जायचं.

हे सगळीकडे चालतं का? २०२३ मध्ये २२ कॉलेजांमधल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. जिथे त्या विद्यार्थ्यांना सामावून घ्यायला जागा खरोखर होती, तिथे पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढली. जिथे तशी जागाच नव्हती, तिथे परिणाम दिसला नाही. ‘तू इथलाच आहेस’ हे वाक्य खरं असावं लागतं.

मैत्री ठरवून लावता येते का?

मग हुशार आणि कच्च्या मुलांना शेजारी शेजारी बसवलं तर? अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत हे अजमावण्याची दुर्मीळ संधी होती, कारण तिथे कोण कुठल्या तुकडीत राहणार हे अकादमीच ठरवते. स्कॉट कॅरेल, ब्रूस सॅसरडोट आणि जेम्स वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला, की कच्च्या मुलांना खूप हुशार मुलांसोबत ठेवलं तर त्यांचे गुण वाढतील. त्याप्रमाणे तुकड्या पाडल्या गेल्या. आणि कच्च्या मुलांचे गुण चक्क घसरले!

कारण शोधल्यावर सापडलं. या तुकड्यांमध्ये एका टोकाची आणि दुसऱ्या टोकाची मुलं होती. मधली, दोन्हींशी जमवून घेणारी मुलं काढून दुसरीकडे ठेवली होती. साहजिकच हुशार मुलं हुशारांत रमली, कच्ची कच्च्यांत. एका छताखाली राहूनही दोन गट पडले. शेजार लावून देता येतो, मैत्री आपली आपणच जुळते.

याच अकादमीने शिक्षकांबद्दलही एक धक्का दिला. तिथे सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा आणि शिक्षक कोण मिळेल ते नशिबावर. कॅरेल आणि वेस्ट यांना दिसलं, की कमी अनुभवी शिक्षकांचे विद्यार्थी त्या सत्राच्या परीक्षेत जास्त गुण मिळवतात आणि त्या शिक्षकांवर खूशही असतात. पण त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयात तेच विद्यार्थी मागे पडतात आणि अनुभवी शिक्षकांचे विद्यार्थी पुढे जातात. चांगलं शिकवलेलं कळायला कधीकधी पुढचं सत्र उजाडावं लागतं.

दहा मिनिटं आणि थोडेसे डॉलर

आता वर्गाबाहेर येऊ. अमेरिकेत सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्जासाठी एक अर्ज भरावा लागतो. एकेकाळी त्यात शंभरहून अधिक प्रश्न होते. पैशाची सगळ्यात जास्त गरज असलेली कुटुंबं याच अर्जापाशी अडायची. २००८ मध्ये संशोधकांनी ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात, कमी उत्पन्नाची कुटुंबं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून घ्यायला जिथे येतात तिथेच एक प्रयोग केला. काही कुटुंबांना कर सल्लागाराने त्याच बैठकीत, दहा मिनिटांच्या आत, हा अर्जही भरून दिला. काहींना फक्त सांगितलं, की तुम्हाला इतकी मदत मिळू शकते, अर्ज करा.

अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या हायस्कूल संपवणाऱ्या मुलांपैकी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. दहा मिनिटांत! आणि ज्यांना नुसती माहिती दिली होती, त्यांच्यात काय फरक पडला? काहीच नाही.

हा दुसरा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. नंतर अनेकांना वाटलं, मुलांना ‘अर्ज भरा’ अशी आठवण करून देणारे संदेश पाठवले की काम झालं. छोट्या प्रयोगांत ते जमलंही. मग हाच उपाय आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत नेला गेला आणि परिणाम शून्य. छोट्या प्रयोगांत संदेश येत होते ते मुलांना ठाऊक असलेल्या माणसांकडून, संस्थांकडून. मोठ्या मोहिमेत ते आले दूरच्या, मोठ्या संस्थांकडून.

पैशाची गोष्ट तर याहून चटका लावणारी आहे. अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात २००३ च्या सुमाराला सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे होते अवघे ३२ टक्के. विद्यापीठाने आपलीच दहा वर्षांची दप्तरं उघडली आणि सुमारे २५ लाख ग्रेड संगणकाकडून तपासून घेतल्या. त्यात धोक्याच्या आठशेच्या वर खुणा सापडल्या. सगळ्यात फसवी खूण कोणती होती? आपल्या मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात मिळालेला ‘क’! नापास झालेल्याकडे सगळे बघतात. ‘क’ मिळालेला मुलगा पास असतो, म्हणून त्याला कुणी काही विचारत नाही. तो पुढच्या अवघड पेपराला बसतो, तिथे अडखळतो आणि दोन वर्षांनी निघून जातो. आता अशी खूण दिसली, की सल्लागार लगेच त्याला गाठून बोलू लागले.

दुसरा शोध फीचा. दर सत्राला साधारण हजारभर विद्यार्थ्यांची नावं फी न भरल्यामुळे पटावरून कमी होत होती. त्यांतले कितीतरी जण पदवीच्या अगदी दारात होते आणि कमी पडणारी रक्कम काही शे डॉलरच होती. विद्यापीठाने २०११ पासून ती भरायला सुरुवात केली. सरासरी मदत नऊशे डॉलरच्या आसपास. विद्यार्थ्याने अर्ज करायचीही गरज नव्हती. विद्यापीठच यादी बघून त्याच्याशी संपर्क साधायचं. पुढच्या दशकभरात पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, गरीब घरातले विद्यार्थी बाकीच्यांच्या बरोबरीने पदवीधर होऊ लागले. हे घडलं तेव्हा प्रवेशाचे निकष कडक करून निवडक मुलं घेतलेली नव्हती. उलट गरीब विद्यार्थ्यांची संख्या वाढली होती.

सगळं एकत्र केलं तर?

सोबत, सल्ला, पैसा, कागदपत्रं, वेळापत्रक असे हे सगळे धागे एकदम धरले तर काय होईल? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू करून हे करून पाहिलं. विद्यार्थी होते कम्युनिटी कॉलेजमधले. त्यांच्या फीचा उरलेला भाग माफ, पुस्तकं मोफत, तास सलग लावलेले, शिकवणीची सोय. एरवी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशे ते दीड हजार विद्यार्थी यायचे. इथे साठ ते ऐंशीच. आणि आणखी एक साधीच गोष्ट: बस आणि भुयारी रेल्वेचा महिन्याचा पास. तो मिळायचा सल्लागाराला भेटल्यावर.

हा पास काय किमयेचा आहे बघा. एक तर कॉलेजला जायचे पैसे वाचतात. दुसरं म्हणजे पास घ्यायला यावं लागतं, आलं की सल्लागार भेटतो, भेटला की तो विचारतो, ‘कसं चाललंय?’ अडचण महिनाभराच्या आतच कुणाच्या तरी कानावर जाते.

‘एमडीआरसी’ या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांमधल्या ८९६ विद्यार्थ्यांची सोडत काढून दोन गटांत तुलना केली. सगळे गरीब घरातले आणि कॉलेजच्या अभ्यासाला लागण्याआधी उजळणीचे वर्ग करावे लागतील असे. तीन वर्षांत नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले. कार्यक्रमातले ४० टक्के! शिक्षणाच्या क्षेत्रात एखाद्या प्रयोगाने पाच टक्क्यांचा फरक दाखवला तरी लोक खूश होतात. इथे आकडा जवळजवळ दुप्पट झाला. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हाही ४१ विरुद्ध ५१ टक्के असा फरक टिकून होता. ‘हे न्यूयॉर्कमध्येच होतं’ असं म्हणायचीही सोय उरली नाही, कारण ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना राबवला आणि तीन वर्षांत १९ विरुद्ध ३५ टक्के असा निकाल आला.

खर्च? दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे १६ हजार डॉलर जास्त. पण चांगलं बियाणं घेतलं तर एकरी खर्च वाढतो आणि क्विंटलमागे उतरतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. इथेही तसंच झालं. पदव्याच इतक्या वाढल्या, की दर पदवीमागे येणारा खर्च नेहमीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी निघाला. अर्धवट सुटलेलं शिक्षण हेच सगळ्यात महाग शिक्षण आहे.

पहिल्या दिवशीच्या त्या शंभर जणांकडे आता कसं बघायचं? त्यांच्यापैकी कोण टिकेल हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नाही. बर्कली, अटलांटा, न्यूयॉर्क, सगळीकडे मुलं तीच होती. त्यांच्याभोवतीची व्यवस्था बदलली आणि निकाल बदलला. नुसत्या माहितीने, उपदेशाने, आठवण करून देणाऱ्या संदेशांनी फारसं हलत नाही. एखादं माणूस वेळेवर, ठोस काम घेऊन शेजारी उभं राहिलं, की हलतं.

तेव्हा तुम्ही कॉलेजात शिकवत असाल, तर पहिल्या सत्रात काठावर पास झालेल्यांची यादी काढा आणि त्यांच्याशी आधी बोला. तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत कुणी घराण्यातलं पहिलंच कॉलेजला जात असेल, तर त्याला तीन गोष्टी विचारा. अभ्यासाला कुणाबरोबर बसतोस? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलास का? फीला किती कमी पडतंय? आणि उत्तरं ऐकून सल्ला देऊन उठू नका. त्याच्यासोबत बसा आणि तो फॉर्म भरूनच उठा.